लेकीचं पुस्तक सरांच्या कपाटात आहे

आज दुपारी लेक शाळेतून आली ती दप्तर न उतरवता तशीच ओसरीत बसून राहिली. जेवण नको, पाणी नको. तासाभरानं बोलली. सरांनी तिचं पुस्तक काढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. वर भर वर्गात म्हणाले, "भुताखेताची पुस्तकं वाचून नवोदय निघते काय? आईले सांग, असलं काही दप्तरात देत जाऊ नका म्हणा."

लेक पाचवीत आहे, नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसायची आहे. आईला निरोप मिळाला. भांडी तशीच पडली आहेत आणि आई फोन घेऊन लिहायला बसली आहे.

ते पुस्तक म्हणजे वेताळ पंचविशी. माझ्या आज्यानं बहिरमच्या यात्रेतून आणलेली. लोक बहिरमला हंडीतलं मटण आणि रोडगे खायला जातात. आजाही त्यासाठीच गेला होता, पण येताना पोरासाठी पुस्तक घेऊन आला, कारण पोरगा नुकताच शाळेत जाऊ लागला होता. तो पोरगा म्हणजे माझे बाबा. पुस्तकाचं कव्हर माझ्या जन्माच्या आधीच गेलं. कोणी छापलं, कधी छापलं, घरात कोणालाच माहीत नाही. पोतं शिवायच्या दाभणानं बाबांनी त्याला दोनदा टाके घातले आहेत. नाकाशी धरलं तर अजून धुराचा वास येतो. बाबा जोडाक्षरं त्यातून शिकले, मी त्यातून शिकले, आणि माझ्या लेकीनं दुसरीत असताना 'विक्रमादित्य' हा शब्द न अडखळता वाचला तो त्यातच.

लग्नात माहेरून जे सोनं आलं होतं ते दोन दुबार पेरण्यांमध्ये मोडलं. त्याचं मला काही वाटलं नाही, शेतीवाल्याच्या घरी ते होतंच. पुस्तक मात्र राहिलं होतं. ते आज कपाटात गेलं.

आता त्या पुस्तकातल्या फाटलेल्या पानाबद्दल सांगते, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल.

एका बाईचा नवरा आणि नवऱ्याचा मित्र, दोघंही देवीच्या देवळात आपापलं डोकं उतरवून ठेवतात. देवी तिला वर देते, डोकी लाव, जिवंत होतील. घाईत तिच्या हातून डोकी बदलतात. मग वेताळ विक्रमाला विचारतो, सांग राजा, आता तिचा नवरा कोणता? डोकं नवऱ्याचं आहे तो, की धड नवऱ्याचं आहे तो? इथं पान संपतं आणि पुढचं पान नाहीच. ते चुलीत गेलं की आज्याच्या तंबाखूच्या पुडीला लागलं, यावर आमच्या घरी वर्षानुवर्षं भांडणं झाली. त्याच्यापुढच्या पानावर वेताळ पुन्हा झाडाला लोंबकळतो आहे.

लाईन गेली की आजी कंदील लावायची आणि मला म्हणायची, "घे माय, वाच." तिला एक अक्षर येत नव्हतं. मी वाचायची, ती तुरीच्या शेंगा सोलायची. त्या जागेवर आलो की तिचा हात थांबायचा. "थांब. पान पलटू नको. आधी उत्तर दे." माहीत असून उत्तर दिलं नाही तर डोक्याचे तुकडे होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येकानं उत्तर द्यायचं. पाहुणा आला असला तरी द्यायचं.

तिचं स्वतःचं उत्तर कधी बदललं नाही. "धड. राबते कोण? डोकं राबते काय? ज्या हातानं तिच्या घरी दाणा आणला, तो हात ज्याचा, तोच तिचा नवरा."

बाबा म्हणायचे, "नाही बाई, डोकं. सगळ्या अंगात डोकं श्रेष्ठ, म्हणून डोकं ज्याचं तोच नवरा." त्यांनी अचलपूरला शिकत असताना दुसऱ्या एका प्रतीत वाचलं होतं. विक्रमाचं उत्तरही तेच आहे.

त्यावर आजी म्हणायची, "पुस्तकात तसं लिवलं असंन. पान फाटलं तेच बरं झालं."

सांगा आता, हे भुताखेताचं पुस्तक आहे का? एक अडाणी बाई आणि तिचा शिकलेला पोरगा वीस-वीस वर्षं एका प्रश्नावर वाद घालतात, दोघंही आपल्या जागेवरून हटत नाहीत, आणि लहान पोरीला मधे बसवून विचारतात, तुझं काय म्हणणं? माझ्या शाळेत मला हे कोणी विचारलं नाही. मास्तरनं फळ्यावर लिहिलं ते उत्तर. संपलं.

नवोदयचं मलाही कळतं. 80 प्रश्न, दोन तास, 100 मार्क. त्यातले 20 प्रश्न भाषेचे. भाषेत काय येतं सर? उतारे. उतारा वाचा आणि समजून उत्तर द्या. माझी पोरगी दोन वर्षांपासून रोज रात्री दुसरं काय करते आहे?

अंधश्रद्धेचा मुद्दा मान्य. जादूटोण्याच्या नावाखाली आपल्याकडे माणसं मारली गेली आहेत, त्यासाठी 2013 मध्ये कायदा करावा लागला, मेळघाटात लेकरांच्या पोटाला चटके देतात. पण ते चटके देणारे वेताळ पंचविशी वाचून देत नाहीत हो! आणि गोष्ट म्हणजे खोटं, खोटं म्हणजे वाईट, हे कुठून आलं? आपल्या इथलं रिद्धपूर घ्या. लीळाचरित्र जिथं सिद्ध झालं ते. तेराव्या शतकातलं, मराठी गद्यातलं पहिलं मोठं पुस्तक. त्यात काय आहे? त्यात कावळ्याचं शेणाचं घर आहे आणि साळई पाखराचं मेणाचं. चक्रधरस्वामींच्या तोंडची गोष्ट. पावसानं शेणाचं घर वाहून जातं. आपण सगळे जी ऐकत मोठे झालो, तीच. बोलणारे पक्षी महानुभावांच्या पोथीत चालतात, विद्यापीठात चालतात, फक्त पाचवीच्या दप्तरात चालत नाहीत?

(लेक आत्ता मागे येऊन उभी राहिली. "आई, सरांबद्दल लय वाईट नको लिहू" म्हणते. बरं.)

बरं, सर वाईट नाहीत. ज्या पोरांकडे वह्या नाहीत त्यांना स्वतःच्या पैशातून आणून देतात, हे गावाला माहीत आहे. सकाळी लवकर येऊन गणितं घेतात, त्याचा एक रुपया घेत नाहीत. जिल्ह्यात नवोदय एक, जागा 80च्या आसपास, आणि आमच्या शाळेतून एक पोरगं लागलं तर गावात पेढे वाटले जातात. त्यांच्या डोक्यावर काय ओझं आहे ते मला दिसतं. माझा नवराही म्हणाला, "सर आपल्याच पोरीच्या भल्याचं सांगून राहिले." असेल. पण भलं करताना लेकराच्या हातातून पुस्तक काढून घेतात का? मागून घ्यायचं होतं. एक पान वाचून पाहायचं होतं.

वाचलं असतं तर त्यांना ते पान सापडलं असतं.

दिवाळीत तिनं फाटलेल्या जागेवर वहीचा कागद भाताच्या शितानं चिकटवला. दुरेघी कागद. वर लिहिलं, "पणजीचे उत्तर: धड." खाली, "आजोबांचे उत्तर: डोके." मग, "आईचे उत्तर: आईला आठवत नाही." (खरंच आठवत नाही. मी काय सांगायची ते आजीलाच माहीत होतं आणि ती गेली.) आणि सगळ्यात खाली स्वतःचं: "तिने देवीला परत हाक मारावी. देवीने एकदा ऐकले तर दुसऱ्यांदा पण ऐकेल. मग डोकी नीट लावावी."

मी ते वाचलं त्या रात्री झोपले नाही. आजीला सुचलं नाही, बाबांना नाही, विक्रमाला नाही. चूक झाली तर परत विचारता येतं, हे दहा वर्षांच्या पोरीला सुचलं. तो कागद आज कपाटात आहे, आणि सरांना माहीतही नाही की तो तिथं आहे.

या वेताळाच्या गोष्टींचं मूळ गुणाढ्य नावाच्या जुन्या कवीच्या बृहत्कथेत आहे असं सांगतात. राजा सातवाहनानं त्याचा ग्रंथ नाकारला, तेव्हा तो जंगलात विस्तव पेटवून बसला. एक एक पान वाचून दाखवायचा आणि विस्तवात टाकायचा. ऐकायला हरणं, डुकरं, पाखरं सगळी गोल करून बसलेली, चरणं सोडून रडत. राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागलं तेव्हा कुठं त्याला कळलं, आणि तो धावत गेला. सात लाखांतले एक लाख श्लोक उरले होते. ही गोष्ट मी मोठेपणी वाचली. तेव्हाही मला आमचं ते एक पानच आठवलं होतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सांगू नये असं वाटत होतं, त्यांचं बीपी वाढतं. पण सांगितलं. मला वाटलं चिडतील, सरांचा नंबर मागतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कपाट लाकडाचं हाये का लोखंडाचं?"

म्हटलं, लाकडाचं असंन बाबा, जुनी शाळा आहे.

"त उद्या पयल्याच घंटेले जा. लाकडाले उधई लागते."

उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे. साडेसातला मी तिथं असेन.