‘कासवाला काही लागत नाही’ हा समज किती महागात पडतो

सोसायटीच्या आणि शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर वर्षातून दोनदा तरी फिरून येतो. मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर तर हमखास. थोडक्यात तो असा: ‘मुलं प्राणी मागतात, पण कुत्रा-मांजर झेपत नाही? कासव आणा. खर्च नाही, वास नाही, आवाज नाही. लहानशा भांड्यात राहतं आणि भांड्याएवढंच वाढतं. दिवसाला चार दाणे टाकले की झालं. मुलांच्या हातात द्यायला एकदम सुरक्षित. घरात लक्ष्मी नांदते. आणि कंटाळा आलाच तर तळ्यात सोडा, पुण्य लागेल.’ खाली रुपयाच्या नाण्याएवढ्या हिरव्या पिल्लाचा फोटो, डोळ्यांमागे लाल पट्टा.

यातलं ‘आवाज नाही’ एवढंच खरं आहे, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कुत्रं भुकेलं तर भुंकतं, आजारी पडलं तर कण्हतं. कासव महिनोन् महिने खंगत राहतं आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. उलट ‘किती शांत आहे नाही!’ म्हणून त्याचं कौतुक होतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही अशी दोन पिल्लं आणली होती. सोबत प्लॅस्टिकचं पसरट भांडं, मधोमध प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. दुकानदाराने जे सांगितलं ते वरच्या मजकुरासारखंच होतं, आणि आम्ही दुसरं काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी एकाचे डोळे सुजून बंद झाले. आम्हाला वाटलं, थंडीचं झोपलंय. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं. पाठ दबली. ‘ताई, ही दबता कामा नये,’ एवढंच ते म्हणाले. चार दिवसांनी ते गेलं. दुसरं वाचलं. म्हणून हा मजकूर पुन्हा पुन्हा समोर आला की मला गप्प बसवत नाही.

मुळात कोणतं कासव? मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. समुद्रातलं, नदीतलं, माळरानावरचं, सगळ्यांना एकच शब्द. बोलायला तो पुरतो, सांभाळायला पुरत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव जमिनीवरचं आहे. ते कोरड्या झुडपी रानात गवत-पाला खातं, त्याला पोहता येत नाही. लोक ते आणतात आणि ‘कासव आहे ना’ म्हणून पाण्याच्या टबात सोडतात. तिथे ते बुडून मरतं. फोटोतलं लाल पट्ट्याचं कासव बरोबर उलटं. ते पाण्यातलं. त्याची जीभ जवळजवळ हलत नाही, घास गिळायलाही त्याला पाणी लागतं. ते लोक फरशीवर फिरायला सोडतात. दुकानदार त्याला ‘स्लायडर’ म्हणतात. पूर्ण नाव रेड-इअर्ड स्लायडर, मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं.

आता ‘भांड्याएवढंच वाढतं’. या एका वाक्याने जितकी कासवं मारली असतील तितकी दुसऱ्या कशाने मारली नसतील, असं मला मनापासून वाटतं. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं. नीट वाढलेली मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटरची होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. नर थोडा लहान. आयुष्य वीस-तीस वर्षांचं, कधी त्याहूनही जास्त. मग भांड्यातलं कासव लहान का राहतं? कारण ते कुपोषित असतं. भांडं त्याला ‘थांब’ असं सांगत नाही. घाण पाणी, अपुरं अन्न आणि ऊन नसणं त्याची वाढ खुंटवतं. कासवाचं कवच म्हणजे वरून घातलेलं चिलखत नव्हे. त्याचा पाठीचा कणा आणि बरगड्या त्या कवचालाच जोडलेल्या असतात, म्हणजे तो सांगाडाच आहे. हाडांना कॅल्शियम मिळालं नाही की कवच मऊ पडतं, कडा वर वळतात, पाठीला खड्डे नाहीतर उंचवटे येतात. कवचाखाली संवेदनाही असतात. त्यावर नेलपॉलिश लावून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला सूर्यप्रकाशातले ठरावीक अतिनील किरण, ज्यांना यूव्हीबी म्हणतात. निसर्गात स्लायडर दिवसाचे कित्येक तास ओंडक्यावर चढून, पाय पसरून ऊन खात बसतं. ती त्याची चैन नाही. ते थंड रक्ताचं असल्यामुळे अंग तापल्याशिवाय त्याला अन्नही पचत नाही. आपण काय करतो? भांडं खिडकीच्या काचेमागे ठेवतो आणि समाधान मानतो. पण नेहमीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. येते ती फक्त उष्णता. आणि एप्रिल-मेच्या उन्हात काचेची टाकी सावलीशिवाय ठेवली तर पाणी इतकं तापतं की कासव आत अक्षरशः शिजतं. म्हणून टाकीबाहेर थेट ऊन आणि शेजारी सावली, किंवा यूव्हीबीचा खास दिवा, यातलं एक हवंच. त्या दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी त्यातले उपयोगाचे किरण काही महिन्यांनी संपतात, तेव्हा तो बदलावाही लागतो. आमच्या दुकानदाराने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, हे मी आधी लिहिलं आहेच, पुन्हा लिहिते.

‘दिवसाला चार दाणे’ म्हणजे डबीतली सुकवलेली कोळंबी. नुसत्या तिच्यावर वाढलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व मिळत नाही. पापण्या सुजतात, डोळे मिटतात, दिसेनासं झालं की ते खाणं सोडतं. पुष्कळदा कानाच्या जागी, डोक्याच्या बाजूला सुपारीसारखी गाठ येते. आत घट्ट पू असतो आणि तो डॉक्टरांनाच काढावा लागतो. आमच्या पहिल्या कासवाचं दुखणं हेच होतं, भरीला मऊ पाठ. लहानपणी स्लायडरला किडे, मासे असा मांसाहार जास्त लागतो, मोठं होत जातं तसा पाला वाढवायचा. शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा चालतो. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवला की ते स्वतःच कुरतडतं. दूध, पाव, पोळी, भात यांतलं काहीही त्याचं अन्न नाही.

खर्च आणि वास या दोन्हींचं उत्तर पाण्यात आहे. कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. माशांपेक्षा कितीतरी जास्त. फिल्टर नसेल तर दोन दिवसांत खोलीत शिरल्या शिरल्या कळतं. पाळणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: कवचाच्या दर इंचाला चाळीसेक लिटर पाणी. दहा इंचांच्या मादीला चारशे लिटर. चारशे लिटर म्हणजे चारशे किलो, काच आणि स्टँड वेगळा. काहीशे रुपयांचं पिल्लू घेताना फ्लॅटमध्ये एवढ्या वजनाची टाकी कुठे ठेवायची याचा विचार कुणी करत नाही.

मुलांच्या हातात द्यायला सुरक्षित? अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आली, आणि ती मुलांमुळेच आली. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. कासव स्वतः ठणठणीत दिसतं, पण त्याच्या विष्ठेतून ते पाण्यात आणि पाठीवर येतात. लहान मुलं पिल्लू हातात घेतात, तोंडाला लावतात आणि ताप, जुलाब, उलट्यांनी आजारी पडतात. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हा त्रास जास्त होतो. मुलांनी कासवाजवळ जाऊच नये असं मी म्हणत नाही. माझी मुलगी त्याच्यासोबतच मोठी झाली. पण हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि टाकीची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही विसळायची नाहीत.

लक्ष्मीचं बोलायला मी जरा बिचकते, कारण श्रद्धेचा प्रश्न आहे आणि माझीही आहे. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं, जेजुरीला खंडोबासमोर पितळी पत्र्याने मढवलेलं भलंमोठं कासव आहे, तिथे मीही भंडारा उधळला आहे. पण ती कासवं दगडाची आणि पितळेची आहेत. जिवंत कासव प्लॅस्टिकच्या भांड्यात कोंडा, असं कुठल्याही देवाने सांगितलेलं नाही. संतांच्या अभंगांत कासवी आपल्या पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते असं येतं. तो मायेचा दृष्टान्त आहे. प्रत्यक्षात मादी वाळूत किंवा मातीत अंडी घालते आणि निघून जाते, पिल्लं आपलं आपण बघतात. ते त्यांना जमतं, कारण तिथे ऊन असतं, पाणी असतं, खायला असतं. आपल्या दिवाणखान्यात नजरेशिवाय दुसरं काहीच नसतं.

याच भाबडेपणावर एक वाईट धंदा चालतो. ‘वीस नखांचं कासव’ घरात ठेवलं की धन येतं, या थापेवर लोक लाखो रुपये गमावतात आणि पकडलेही जातात. तारा कासवाला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी अठरा नखं असतात. जास्तीची दोन कुठून आणणार? शिवाय तारा कासव पाळणं, विकणं, विकत घेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे तिथे चालत नाही.

राहता राहिलं ‘तळ्यात सोडा, पुण्य लागेल’. मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो, कारण ते सोडणाऱ्याला बरं वाटायला लावतं. स्लायडर इथलं नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली, कारण तिथेही लोकांनी वाढलेली कासवं नेऊन तळ्यांत टाकली होती. ते धिप्पाड, खादाड आणि काटक असतं. ऊन खायला तळ्याकाठी जे दोन-चार दगड नाहीतर ओंडके असतात ते बळकावतं, आणि आपली देशी कासवं तिथून हटतात. बेडकांची पिल्लं, मासे, पाणवनस्पती सगळं खातं. घरातले रोगही सोबत नेतं. आपल्या नद्यांमध्ये आधीच काय उरलंय? भीमा, कृष्णा, गोदावरीत सापडणारं लिथचं मऊ पाठीचं कासव अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या पाण्यात आपण आपली नकोशी झालेली हौस नेऊन टाकायची आणि त्याला पुण्य म्हणायचं? आणि भांड्यात खुंटलेलं, मऊ पाठीचं, शिकार कधी न केलेलं कासव असेल तर ते तळ्यात कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातं. म्हणजे एक तर ते मरतं, नाहीतर दुसऱ्यांना मारतं.

वेळासच्या किनाऱ्यावर मी एकदा सागरी कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली. दोरीमागे शेदीडशे माणसं उभी, आणि एकानेही पिल्लाला हात लावला नाही. ज्यांच्या मुलांना कासव हवंच आहे त्यांनी त्यांना एकदा तिथे न्यावं.

ज्यांच्याकडे स्लायडर आधीच आहे त्यांनी घाबरून ते कुठे सोडू नये. भांडं आजच बदला: पोहता येईल इतकं खोल पाणी, पूर्ण कोरडं होऊन बसता येईल अशी जागा, फिल्टर, ऊन किंवा दिवा. थंडीत पाणी चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. डोळे मिटलेले, नाकाशी बुडबुडे, पोहताना एका बाजूला कललेलं, यातलं काही दिसलं तर झोपलंय म्हणू नका, परदेशी पाळीव प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. खरोखरच झेपत नसेल तर सगळी माहिती देऊन जाणत्या पाळणाऱ्याकडे किंवा प्राण्यांच्या संस्थेकडे सोपवा. तारा कासव किंवा दुसरं देशी कासव असेल तर वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यांचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे.

आमचं दुसरं कासव आता तेरा वर्षांचं आहे. मादी निघाली. चोवीस सेंटिमीटरची आहे आणि पाठीवर उजवीकडे एक खड्डा आहे, पहिल्या दोन वर्षांचा. तो भरून येणार नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिची टाकी अर्धी बाल्कनी व्यापते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. दर रविवारी सकाळी टाकी मी साफ करते, दीड तास लागतो.