कांटने गाव सोडलं नाही म्हणून

वेंगुर्ल्याच्या बंदराकडच्या कट्ट्यावर काल जर्मन तत्त्वज्ञ कांटवरून चांगलंच वाजलं. निमित्त भाईच्या पुतणीचं. तिला तत्त्वज्ञानात एम.ए. करून पुढे शिकवायचंय, पण गावाकडेच राहून.

"गाव सोडल्याशिवाय कोण मोठो झालो, तां सांग," भाई म्हणाला.

मी कांट पुढे केला. १७२४ साली कोनिग्सबर्गला जन्म, १८०४ साली तिथेच मृत्यू. बाप घोड्याच्या साजाचे पट्टे शिवणारा. तरुणपणी आसपासच्या खेड्यांत शिकवण्या केल्या, तेवढाच काय तो बाहेर. पुढे एर्लांगेन, येना, हाले, तिन्हीकडच्या जर्मन विद्यापीठांची बोलावणी नाकारली. गावाला बंदर होतं, परदेशी व्यापारी येत, ग्रीन नावाचा इंग्रज व्यापारी तर जिवलग दोस्त. न हलता जग कळायला हे शहर सोयीचं आहे, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

बाळा कॉलेजात शिकवतो. तो उसळला. "काय कळलं जग? भूगोलाच्या तासाला हाच माणूस गोरे सगळ्यात श्रेष्ठ, आपण त्यांच्या खाली, असं शिकवत होता. प्रवासवर्णनं वाचून!"

खरं आहे ते, आणि त्यावर पांघरूण घालू नये.

पण उत्तर दिलं अण्णांनी. त्यांची हयात बोटीवर गेली. "मी अर्ध्या जगाची बंदरां बघलंय. आमच्या बोटीवरचे गोरे सायेबय तितकेच फिरलले. तेंच्या डोक्यातसून तां गेला खंय?"

बाळा गप्प झाला. मला मात्र कांटचं वेगळंच काही डाचतं. १७५५पासून १५ वर्षं त्याने विद्यापीठात शिकवलं ते बिनपगारी. ऐकायला बसणारी पोरं फी देतील तेवढीच कमाई. तर्कशास्त्र, गणित, भूगोल, जे मिळेल ते शिकवायचा. १७६६ला उपग्रंथपालाची किरकोळ नोकरी धरली. प्राध्यापक झाला १७७०मध्ये. मग जवळपास दहा वर्षं फारसं काही छापलं नाही, आणि ५७व्या वर्षी 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' ही त्याची सगळ्यात गाजलेली पुस्तक-कृती बाहेर आली. ती दहा वर्षं त्याला मिळाली, कारण तोवर पगार सुरू झाला होता.

"म्हणजे माझ्यासारखाच, तासिका तत्त्वावर," बाळा म्हणाला.

भाईने विचारलं, "आणि मे महिन्यात रे?"

"मे महिन्यात तास नसतात. तास नाही तर पैसे नाहीत."

पोरीच्या आईबापांनी धास्ती घ्यायचीच तर याची घ्यावी, गावाची नको, असं मी भाईला बजावलं. तो अजून पोरीने मुंबईला जावं यावरच अडून आहे.