तुमचं पुण्य माझ्या फाटकाबाहेर ठेवा

आज सकाळी परत फाटकाला पिशवी. आत वीस-पंचवीस शिळे उंडे, म्हणजे आपले गोव्याचे गोल पाव, निम्म्यांवर हिरवी बुरशी. फाटकावर मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही भाषांत ठळक लिहिलंय, ‘जनावरांना काहीही खायला घालू नका’. त्याच बोर्डाच्या खिळ्याला पिशवी अडकवून गेलेत!

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची ही जागा. सहा घोडे, सगळे वरातीत नाचवून पाय गेल्यावर कुणीतरी सोडून दिलेले. आणि अकरा श्वेतकपिला. ही गोव्याची स्वतःची गाय, जनावरांच्या देशी जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोकडे वेगळी जात म्हणून नोंद झालेली. दूध कमी म्हणून गोठ्यागोठ्यातून ती गेली, आता शोधावी लागते. त्या वाचवायला आम्ही बसलोय आणि लोकांना वाटतं इथे उष्टं-खरकटं टाकायची सोय केलीय.

मागच्या रविवारी म्हातारी घोडी पडली. एका कुटुंबाने कुंपणातून तिला पिशवीभर पाव भरवले. पोरं हसत होती, आई व्हिडिओ काढत होती. मी गोठ्यातून धावत येईपर्यंत पिशवी रिकामी. अहो, घोड्याला ओकता येत नाही! माणसासारखं बाहेर काढून मोकळं होणं त्याच्या शरीरातच नाही. एवढं मोठं जनावर, पण जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. दिवसभर थोडं थोडं गवत चरायला बनलेलं. त्यात पावाचा गोळा झाला की पोटशूळ, आणि पोटशुळाने घोडा मरतो.

संध्याकाळी ती पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मान वळवून कुशीकडे बघायला लागली. नंतर लोळायला. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. घोड्यांची सवय असलेले डॉक्टर म्हापशाहून निघाले ते दोन तासांनी पोचले. तोवर मी आणि आमचा कामाचा पोरगा तिला तबेल्यात गोल गोल फिरवत होतो, मध्येच कुशीला कान लावून आतडं वाजतंय का ऐकत होतो. काहीच वाजत नव्हतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली. पहाटे पावणेचारला लीद पडली, तेव्हा मी तिथेच चिखलात बसून रडले.

जत्रेनंतरचे टेम्पो वेगळेच. महाप्रसादाचा उरलेला भात पातेल्यांनी फाटकाशी ओततात. ‘गाईच्या मुखात गेलेला बरा.’ नाही बरा! एवढा भात गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, आंबतो, आम्ल होतं, रवंथ बंद पडतो, गाय आडवी होते. वर भातात द्रोण आणि प्लास्टिकच्या पिशव्या. खारट चव लागली की गाय ती पिशवीसुद्धा गिळते.

बोललं की राग. ‘मुक्या जिवाला घास द्यायला पण तुमची परवानगी?’ हो, माझी परवानगी! द्यायचंच असेल तर सुक्या करडाच्या, म्हणजे वाळलेल्या गवताच्या, पेंड्या आणून द्या. पावसाळ्यात कोरडा चारा चोर्ला घाटापलीकडून आणावा लागतो, टेम्पोचं भाडंच जीव घेतं. आजवर पेंडी किती जणांनी आणली? दोघांनी.

त्या रविवारच्या बाईंचा परवा फोन आला. घोडीची चौकशी असेल असं वाटलं. त्यांना विचारायचं होतं, येत्या रविवारी मुलांना पाठीवर बसवून फोटो काढता येईल का.