‘एक सोलापूरकर’ यांना उत्तर

‘काका, घरात बसून आरती ओवाळणं सोपं असतं. ही मंडळी चादरीखाली धर्म सरकवतात ते दिसत नाही का? पैशाचा हिशोब कोण विचारणार? आणि आपले डॉ. कोटणीस कुठल्या देवासाठी चीनला गेले होते?’ श्रद्धेपोटी मदतीला जाणारी माणसं संकटात टिकून राहतात, असं मी लिहिलं होतं, त्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. खाली सही, ‘एक सोलापूरकर’. नाव लिहायला काय हरकत होती, साहेब? मी तर माझ्या नावानिशी लिहितो.

एक चूक मान्य. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थांना शांततेचं नोबेल १९४७ साली मिळालं, मी १९४५ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार. (‘गूगल तरी करा’ हे म्हणायची मात्र गरज नव्हती.)

आता ‘घरात बसून’. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन आटोपून आम्ही पोरं नुकती आडवी झालो होतो, आणि पहाटे चारच्या सुमारास मांडणीतली भांडी वाजली. किल्लारीच्या भूकंपाची बातमी कळल्यावर गल्लीतल्या घराघरातून कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी गोळा केली, टेम्पो भरला, नळदुर्गवरून उमरगा गाठलं. वर पाऊस. भाकऱ्या वाटल्या, दोन दिवस दगड उपसले आणि परत आलो. खरं सांगतो, वास सहन होईना. तेव्हा तुम्ही जन्मला तरी होतात का?

महिन्याभरानं पुन्हा गेलो. आमच्यासारखे टेम्पोवाले कधीच पांगले होते. पत्र्याच्या शेडमध्ये एक केरळी सिस्टर मात्र तशाच बसलेल्या, तोडक्यामोडक्या मराठीत म्हाताऱ्यांना दटावत जखमा धूत होत्या. त्यांनी कुणाला काही सरकवलेलं मी पाहिलं नाही. गळ्यात क्रूस होता, एवढंच. त्या टिकल्या, मी टिकलो नाही. माझ्या लेखात एवढंच म्हटलं होतं, त्याला तुम्ही आरती म्हणता!

हो, एका ट्रकवाल्यांनी चादरीबरोबर त्यांच्या महाराजांचा फोटो वाटला होता, तोही आधी नमस्कार करायला लावून. मलाही खटकलं. एका आजीनं मुकाट्यानं नमस्कार केला, चादर घेतली आणि फोटो पत्र्याच्या भोकाला लावला. पण म्हणून जगातल्या सगळ्यांना त्याच ट्रकमध्ये कोंबायचं?

अहो, मदतीच्या आडून कुठल्याही धर्माचा वा पक्षाचा प्रचार करायचा नाही, अशी आचारसंहिता रेडक्रॉसनं आणि इतर मोठ्या संस्थांनी १९९४ मध्येच केली. ती करणाऱ्यांत कॅथलिकांची मदतसंस्था कारितास होती, लुथरन वर्ल्ड फेडरेशनही होतं. म्हणजे तुमचा आक्षेप त्यांनी तुमच्याआधी स्वतःच लिहून ठेवलाय. आणि मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे आर्चबिशप ओस्कार रोमेरो? आपल्याच गरीब माणसांना मारू नका, असं सैनिकांना प्रवचनातून सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० ला, उपासना चालू असताना त्यांना गोळी घातली. त्यांनी कुणाच्या चादरीखाली काय सरकवलं, सांगता का?

डॉ. कोटणीस आपल्या गावचे, त्यांच्याबद्दल मला शिकवू नका. पण तो विषय वेगळा.

हिशोबाचं पुन्हा कधीतरी लिहीन.