घाम न गाळता परीक्षण कसं लिहावं

हातवारे करून खेळायच्या फायटिंग गेमचं परीक्षण लिहायला बसलात? बसलात हे उत्तम केलंत. आता उठू नका. पाय रोवून उभं राहणं, खांदे सैल करणं हे खेळाडूंचे चाळे, समीक्षकाची जागा सोफ्यावर. २०१० चा 'द फाइट: लाइट्स आउट' घ्या. हा गेम तुम्हाला प्लेस्टेशन मूव्हचे, म्हणजे हाताची हालचाल टिपणारे कंट्रोलर घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं करतो आणि वर नीट कॅलिब्रेशनही, म्हणजे यंत्राची तुमच्या हालचालींशी जुळवणी, करायला लावतो. एवढा वेळ कोणाला आहे? प्रशिक्षक झालेला हॉलिवूडचा नट डॅनी ट्रेहो पडद्यावर खेकसत असेल तर खेकसू दे. पुढे ठोसा भलतीकडेच गेला की 'कंट्रोल बेभरवशाचे' असं लिहून मोकळं व्हा. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपल्या व्यवसायाचं ब्रीदवाक्यच समजा.

बटणांच्या फायटिंग गेममध्ये सपाटून मार खाल्लात, तर मात्र सूर वेगळा हवा. तिथे 'गेमला खोली आहे, महिनोन्‌महिने सराव केल्यावर उलगडेल' असं आदराने लिहायचं. अंगठ्यांना सराव लागतो, पण दंडांना ठोसा मारता येतो तो जन्मतःच! दंड भरून आले तर तो गेमचा दोष. बॉक्सिंगच्या गेमने माणसाला दमवावं, हा केवढा उद्धटपणा!

इतिहास जपून वापरा. १९९३ चं सेगा कंपनीचं अ‍ॅक्टिव्हेटर जरूर आठवा: जमिनीवर अष्टकोनी कडं, त्यातून निघणारे इन्फ्रारेड किरण हातापायांनी अडवायचे आणि त्यालाच बटण दाबलं असं मानायचं. हे पाप पुढच्या प्रत्येक गेमच्या माथी मारता येतं. पण १९८७ च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'च्या गेम पार्लरमधल्या काही मशीनवर रबरी पॅड होते, जितक्या जोरात ठोसा तितका मोठा वार, हे चुकूनही सांगू नका. आपल्या लाडक्या सहा बटणांच्या घराण्याचा मूळपुरुष गुद्दे खाणारा निघाला तर वाचक गोंधळतील.

तंत्राच्या भानगडीत तर पडूच नका. २००६ च्या निन्टेन्डोच्या वी रिमोटला हालचालीतले मुख्यतः वेगातले बदल कळायचे, हात कसा वळला हे मोजणारा गायरोस्कोप २००९ मध्ये मोशनप्लस या जोडयंत्राबरोबर आला आणि मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टमध्ये तर नुसता कॅमेरा, कंट्रोलरच नाही, असला भेद करत बसलात तर अर्ध्याअधिक तक्रारी बाद होतील. सगळ्यांना एकच नाव द्या: 'हात हलवण्याचा प्रकार'.

पंचाईत होते ती किनेक्टवरच्या 'फायटर्स अनकेज्ड' या गेमपाशी. तिथे अंगण खरोखरच वाकडं आहे. किनेक्टचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं टिपतो आणि फायटिंग गेमचा हिशेब सेकंदाच्या साठाव्या भागाचा. तुमची लाथ पोचेपर्यंत समोरचा आपलं काम उरकून बसलेला असतो. इथे राग अगदी रास्त आहे. पण बेभरवशाचे, निरर्थक, हास्यास्पद हे सगळे शब्द तर आधीच्या बऱ्या गेमवर खर्च झालेले. हरकत नाही, तेच पुन्हा वापरा. खरोखर फसलेला गेम कोणता आणि तुम्ही न उठल्यामुळे फसलेला कोणता, हे ओळखणं वाचकाचं काम.

राहता राहिला २०१७ चा 'आर्म्स'. तो लोकांना आवडला, शिवाय बटणांनीही खेळता येतो. तुम्ही बटणांनीच खेळा, मजा आली म्हणा आणि मोशन कंट्रोलसाठी, म्हणजे हातवाऱ्यांच्या सोयीसाठी, एक गुण कापा. ते वापरून पाहिले नाहीत? मग तर पूर्वग्रहाचा आरोप करायला कोणाला जागाच उरली नाही.