आकडा मोठा म्हणून ब्रेक ऑइल चांगले ठरत नाही

‘दहा हजारांत तुमची हॅचबॅक ट्रॅक डेसाठी तयार’ असा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्याचा दिवस. ठाण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो वाचून जांभळ्या ब्रेक ऑइलची बाटली विकत घेतली आणि ‘मामा, रविवारी गॅरेजमध्ये हे भरून घेतो, चालेल ना?’ असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. त्याच्या पोलो जीटी टीएसआयला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे आणि ट्रॅकवर जाण्याआधी व नंतर ती रोज घोडबंदर रस्त्यावर धावणार आहे. संदेशातले काही सल्ले निरुपयोगी आहेत, काही अर्धवट खरे आहेत. ब्रेकविषयीचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे.

संदेश म्हणतो: ‘डॉट ४ पेक्षा डॉट ५ वरचढ. ते पाणी शोषत नाही, म्हणून मुंबईच्या दमट हवेत तेच टाका, पुन्हा बदलावे लागत नाही.’

ब्रेक ऑइलचे हे ‘डॉट’ वर्ग अमेरिकेच्या संघीय वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ मधून आले आहेत आणि ते मानक कोणालाही वाचता येते. त्यात प्रत्येक वर्गासाठी किमान उत्कलनबिंदू ठरवलेला आहे. डॉट ३ साठी तो ताज्या ऑइलचा २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषलेल्या ऑइलचा १४० अंश आहे. डॉट ४ साठी २३० आणि १५५. डॉट ५ साठी २६० आणि १८०. संदेश लिहिणारा बहुधा इथेच थांबला. त्याच मानकात डॉट ५.१ या, डॉट ३ आणि ४ प्रमाणेच ग्लायकॉल या रसायनाच्या, ऑइलसाठीही नेमके २६० आणि १८० हेच आकडे आहेत, आणि डॉट ५ हे सिलिकॉनचे असून ओळखू यावे म्हणून त्याचा रंग जांभळा ठेवावा, असेही त्यात म्हटले आहे. शिवाय हे आकडे किमान मर्यादेचे आहेत. मोटुलचे आरबीएफ ६०० हे रेसिंगचे ऑइल डॉट ४ वर्गात मोडते, आणि ताजे असताना ते ३१२ अंशांना उकळते. तेव्हा आकडा मोठा तितके ऑइल चांगले, हा समजच मुळात चुकीचा आहे.

सिलिकॉन पाणी शोषत नाही, हे खरे आहे. पण म्हणून ओलावा आत शिरायचा थांबत नाही. रबरी होजमधून, सीलमधून आणि टाकीच्या झाकणातून तो येतच राहतो. ग्लायकॉल हे पाणी स्वतःत विरघळवून सर्वत्र पसरवते, त्यामुळे उत्कलनबिंदू हळूहळू उतरतो आणि ठरावीक काळाने ऑइल बदलले की प्रश्न मिटतो. सिलिकॉनमध्ये तेच पाणी थेंबाथेंबाने वेगळे राहते आणि सर्वांत खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, साचते. कॅलिपर हीच ब्रेकच्या साखळीतली सर्वांत तापणारी जागा आहे, आणि सुटे पाणी १०० अंशांच्या आसपास वाफ होऊ लागते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

ट्रॅकवर किती उष्णता निर्माण होते, याचाही हिशेब मांडता येतो. चालकासह १२०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणली, तर एकाच ब्रेकमध्ये जवळपास ९ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. घरातले तीन लिटर पाणी उकळीला आणण्यासाठी साधारण एवढीच ऊर्जा लागते. यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो, आणि दर फेरीत ते अनेकदा घडते.

याखेरीज सिलिकॉनमध्ये हवा अधिक विरघळते आणि एबीएसच्या पंपाच्या वेगवान ठोक्यांनी त्याला फेस येऊ शकतो, ज्यामुळे पेडल मऊ पडते. ते जुन्या ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, आणि एबीएसच्या युनिटमधून जुने ऑइल पूर्ण निघणे अवघड असते. भाच्याने सीलबंद डबीतले चांगले डॉट ४ किंवा ५.१ घ्यावे, ट्रॅक डेच्या आधी ते पूर्ण बदलून ब्लीड करून, म्हणजे नळ्यांतली हवा काढून, घ्यावे, आणि अर्धी उरलेली डबी पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. कंपनीने बसवलेले ब्रेक पॅड ट्रॅकवर टिकत नाहीत, हे संदेशातले वाक्य मात्र मला मान्य आहे.

‘फेऱ्या संपल्या की पिटमध्ये येऊन लगेच हँडब्रेक ओढा’ हा सल्लाही साफ चुकीचा आहे. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येताना ब्रेक प्रचंड तापलेले असतात. शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता सावकाश मारावी, गाडी गिअरमध्ये किंवा ‘पार्क’मध्ये ठेवावी आणि चाकाला ठोकळा लावावा.

गाडी खाली बसवायला स्प्रिंगची दीड वेटोळी कापा, असेही संदेश सांगतो. त्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरे. पण पुढच्या चाकांच्या मॅकफर्सन प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये गाडी फार खाली बसली की ती ज्या बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो, आणि वळणावर कलवणारा जोर उलट वाढतो. शॉकॲब्सॉर्बर जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला असतो, आणि चाक खड्ड्यात लटकले तर आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मुंबईहून गाडी चालवत न्यायची, तर आधी अशाच कापलेल्या स्प्रिंगवर सुमारे १३०० किलोमीटर रस्ता पार करायचा आहे.

टायरमध्ये ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरा, या संदेशातल्या सल्ल्यामागे थोडे तथ्य आहे, कारण साध्या टायरची बाजू वळणावर दुमडते. मात्र थंड टायरमधली ३० पीएसआय हवा ४० अंशांनी तापली की ती सुमारे ६ पीएसआयने वाढते; सुरुवातच ४० ने केली तर टायर मधोमधच टेकेल. पिटमध्ये आल्यावर गरम टायरची हवा मोजावी आणि वाढलेली सोडावी.

शेवटचा दावा असा, की ट्रॅकसाठी केलेल्या बदलांना आरटीओ आणि विमा कंपनी हरकत घेत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या बदलांविषयीच्या, कलम ५२ मध्ये अशी सवलत नाही. कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली आहे, तेव्हा नाव नोंदवण्याआधी भाच्याने आपल्या पॉलिसीतले ते पान विमा कंपनीला दाखवून लेखी उत्तर घ्यावे.