शाकाहोला आणि आपली चंगाई सभा

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, सध्या एका पोस्टरवरून वाद पेटला आहे. बाहेरगावचा एक वक्ता चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, घेणार आहे, त्याला चर्चचे आवार द्यायचे की नाही, एवढाच खरे तर प्रश्न. पण पोस्टरवर 'डॉक्टरांनी हात टेकले? येथे या' असे छापले आहे. त्याखाली आजारापासून कर्जापर्यंत आणि कर्जापासून व्हिसापर्यंत सगळ्यातून सुटकेची हमी, आणि सगळ्यात खाली क्यूआर कोड. दोन-तीन वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. त्यावर माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, "ताई, वेळ तरी बघ. घरगुती प्रार्थनेतसुद्धा धर्मांतराच्या संशयावरून पोलीस येऊन उभे राहतात. अशा वेळी आपणच आपल्या माणसांवर बोट ठेवायचं? तू तिकडे ख्रिस्ती देशात बसून बोलतेस, तुला काय जातंय?"

तिकडे म्हणजे नैरोबीत. त्याचा टोमणा निम्मा खरा आहे, म्हणून मनाला लागला.

केनियात 2019 च्या जनगणनेनुसार शंभरातले सुमारे पंच्याऐंशी लोक ख्रिस्ती. एकत्र का जमलात, असे मला इथे कोणी विचारत नाही. भर दुपारी जीवनजी गार्डन्समध्ये (हो, कराचीहून आलेल्या आपल्याकडच्याच एका व्यापाऱ्याच्या नावाची ही बाग) उपदेशक मोठमोठ्याने बोलत असतात आणि जेवणाच्या सुट्टीतले कारकून डबा खात ऐकतात. मटाटूच्या, म्हणजे इथल्या प्रवासी मिनीबसच्या, मागच्या काचेवर स्तोत्रातली ओळ रंगवलेली असते. भारतात मात्र ओडिशाने 1967 मध्ये, मध्य प्रदेशाने 1968 मध्ये धर्मांतराविरुद्ध कायदा केला, उत्तर प्रदेशाने 2021 मध्ये अधिक कडक केला, आणि त्यातला 'प्रलोभन' हा शब्द किती ताणायचा याला धरबंद राहिलेला नाही. शब्बाथ शाळेत मुलांना खाऊ वाटतानाही आमच्या गावची बाई आता दोनदा विचार करते. ही भीती मला इथे अनुभवायला मिळत नाही, हे कबूल.

पण खोट्या शिक्षणाचे काय होते, हे मी याच ख्रिस्ती देशात पाहिले.

किनाऱ्यावरच्या मालिंदी शहरात पॉल मॅकेंझी नावाचा टॅक्सी चालवणारा माणूस होता. 2003 मध्ये त्याने स्वतःची मंडळी काढली. पुढे 2019 मध्ये मालिंदीतले चर्च बंद करून तो अनुयायांना घेऊन किलिफी काउंटीतल्या शाकाहोलाच्या जंगलात गेला. तिथे त्याने त्यांना उपास करकरून मरायला, म्हणजे त्याच्या भाषेत येशूला भेटायला, सांगितल्याचा आरोप आहे. एप्रिल 2023 मध्ये पोलिसांनी जमीन उकरायला सुरुवात केली आणि कित्येक महिने मृतदेह निघत राहिले. आकडा 400 च्या वर गेला. 191 मुलांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आणि साथीदारांवर ठेवला गेला. मेलेल्यांत शिकलेले, नोकरदार लोकही होते. नातेवाईक आधीपासून पोलिसांकडे खेटे घालत होते. मॅकेंझीला पूर्वी अटकही झाली होती, पण तो जामिनावर सुटला. आणि एवढे होऊनही 2025 मध्ये मालिंदीजवळच क्वा बिंझारो इथे पुन्हा थडगी सापडली.

'वेडा माणूस, अडाणी अनुयायी' असे म्हणून इथले बरेच जण मोकळे झाले. मला ते पटत नाही. या माणसाने लोकांना एकदम उपाशी बसवलेले नाही. आधी शाळा सैतानाची ठरली, मुले घरी बसली. मग दवाखाना. मग 2019 मध्ये सरकारने नागरिकांसाठी 'हुदुमा नंबर' हा ओळख क्रमांक आणला, तो बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या सैतानी श्वापदाची खूण ठरला. अन्न शेवटी आले. तोवर बाहेरचे खरे सांगू शकणारी सगळी माणसे, शिक्षक, नर्स, सरकारी कारकून, शत्रुपक्षात जाऊन बसली होती. प्रश्न विचारायचा तरी कोणाला?

आधार कार्डाबद्दल आणि नंतर कोविडच्या लसीबद्दल 666 चे, म्हणजे त्याच श्वापदाच्या आकड्याचे, जे मेसेज आपल्या नात्यागोत्यात फिरले, ते ज्यांनी वाचले आहेत त्यांना यातली दुसरी-तिसरी पायरी ओळखीची वाटेल. आमच्या पोस्टरवरचा वक्ता मॅकेंझी आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. तो बहुधा साधा पैसे गोळा करणारा असेल. इथेही ती जात भरपूर आहे: टीव्हीवर उपदेश चालू असताना खाली एम-पेसाचा (मोबाइलवरून पैसे पाठवण्याचा) नंबर सरकत असतो आणि 'बी पेरा' म्हणून हाक दिली जाते. पण डॉक्टरवरचा विश्वास उडवणे ही पायरी दोघांची सारखीच.

आणि दोघांच्या हातात पवित्र शास्त्रच आहे. रानात चाळीस दिवस उपास केलेल्या येशूला सैतानाने मंदिराच्या शिखरावर नेले, तेव्हा त्याने शिवी दिली नाही, स्तोत्र म्हटले. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे वचन ऐकवले. येशूने उत्तरही वचनानेच दिले: देवाची परीक्षा पाहू नको. प्रेषित पौलाने पत्रातून कलस्सै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लाघवी भाषणापासून जपायला सांगितले, ते याचसाठी. त्या भाषणात ओळखीची वचने असतात. थेस्सलनीका शहरात तर प्रभूचा दिवस, म्हणजे येशूच्या परत येण्याचा दिवस, आलाच आहे, असे सांगणारे पत्र पौलाच्याच नावावर फिरण्याची धास्ती होती, आणि तिथे काही जण कामधंदा सोडून बसले होते. पौलाने त्यांना कामाला लागा, आपली भाकर मिळवून खा, असे बजावले. ख्रिस्ती आशा ही अशी, उद्याचा स्वयंपाक करायला लावणारी. शाकाहोलात तिच्याच नावाने चुली विझवल्या.

इथे कोणी म्हणेल, मग तुझा प्रार्थनेने बरे होण्यावर विश्वासच नाही का? आहे. माझी आजी आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायची आणि मग स्वतःच त्याला एसटीत बसवून नगरच्या दवाखान्यात न्यायची. केडगावच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये जे संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, झाले, त्यात मुली रडल्या, ओरडल्या, अन्य भाषांत बोलल्या. त्या काळच्या कित्येक मिशनऱ्यांनाही ते रुचले नाही. पण त्याच आवारात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना पोटभर जेवण होते, शाळा होती, छापखाना होता, शेत होते. भावनेचा पूर आणि पिठाची गिरणी शेजारी शेजारी. खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखा, असे येशूने सांगितले, ते इतके उघड असते. मुले जेवतात की नाही, ते बघा.

रमाबाई दुसऱ्या कारणानेही आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाडून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकले आहे, आता दुसरे तसलेच घेणार नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. परक्या देशात, ज्यांच्या आसऱ्याला होत्या त्यांनाच. तरी विश्वास सोडला नाही. पुढे मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. तेव्हाही त्यांना कोणी तरी म्हणालेच असेल, बाई, वेळ बघा.

भावाचा शेवटचा मुद्दा प्रीतीचा होता. बायबलमधले पौलाचे पत्र, पहिले करिंथ, तेरावा अध्याय: प्रीती सगळे सहन करते, सगळे खरे मानायला तयार असते. आमच्याकडे लग्नात वाचतात तोच. पण त्याच्या आदल्याच ओळीत प्रीती सत्यात आनंद मानते, असे आहे, आणि वाद मिटवायला हा अध्याय काढणारे लोक नेमकी ती ओळ गाळतात. गुडघेदुखीची गोळी बंद करून बसलेल्या मावशीला 'बंद करू नकोस' असे सांगणे प्रीतीत बसत नसेल, तर मला तो अध्याय कळलाच नाही.

बाहेरचे आपल्या वादाचा गैरफायदा घेतील, ही भीती उरते. घेतीलही. पण धर्मांतराचा कायदा फक्त दारातून आत कोण आले, हे विचारतो. आत बसलेल्याला काय खोटे सांगितले जाते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते विचारणारा कायदा महाराष्ट्रात वेगळा आहे: डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा. तो धर्माचे नाव घेत नाही, कृत्य बघतो. चमत्काराचा दावा करून पैसे काढणे, लोकांना फसवणे, हा त्यात गुन्हा आहे. ख्रिस्ती माणसाने त्याला घाबरायचे काही कारण मला दिसत नाही. उलट तो पोस्टर लावणाऱ्याला आधी वाचायला द्यावा.

केनियात शाकाहोलानंतर राष्ट्राध्यक्षांनी धार्मिक संस्थांच्या नियमनासाठी एका ज्येष्ठ पाळकांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमले. उपदेशकाला परवाना हवा का, शिक्षणाची अट हवी का, यावर इथली चर्चेस अजून भांडत आहेत. सरकारला वेदीपर्यंत येऊ द्यावे, असे मलाही वाटत नाही. भारतातून आलेल्या माणसाला तर नाहीच वाटणार. पण मालिंदीच्या आसपासच्या मंडळ्यांनी 2017-18 मध्ये काय केले, हे कोणी विचारत नाही. मॅकेंझीची शिकवण गुप्त नव्हती, तो टीव्हीवर बोलत होता.

आमच्याकडे परवान्याचीही गरज नाही. आवार मंडळीचे आहे, आणि ते कोणाला द्यायचे, हे पास्टरेट कमिटी, म्हणजे चर्चचा कारभार बघणारी समिती, ठरवते. वक्त्याला तीन गोष्टी आधी विचाराव्यात, असे मी भावाला लिहून पाठवले आहे: क्यूआर कोडवरचे पैसे कोणाच्या खात्यात जातात, औषध चालू ठेवा असे तू मंचावरून सांगशील का, आणि बरे झाल्याची साक्ष देणाऱ्यांना महिन्याभराने भेटायला आमची माणसे आली तर चालेल का. भावाने अजून उत्तर दिलेले नाही. कमिटीची बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे.